खोटं बोलण्याची रीतसर सोय

ब्राउझरकडून सर्व्हरकडे येणारी रिक्वेस्ट ही मुळात फार गरीब गोष्ट. वर एक ओळ, तिच्यात काय हवंय ते. खाली दहा-पंधरा हेडर. मग एक कोरी ओळ. आणि असलाच तर मजकूर. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण सर्व्हरच्या उंबऱ्यावर पाऊल टाकल्यापासून कंट्रोलरच्या हाती पडेपर्यंत तिला भेटणारा प्रत्येक जण तिच्यावर नाराज. एकाला तिची पद्धत आवडत नाही, दुसऱ्याला तिने सांगितलेला पत्ता पटत नाही, तिसऱ्याला ती नक्की कोणाकडून आली याचाच संशय, आणि चौथ्याला तिच्या पोटात काय आहे ते सगळ्यांच्या आधी बघायचंय. पंचाईत अशी की तिला बदलायची सोय नाही. जावाच्या सर्व्हलेट जगात रिक्वेस्टला हेडर काय ते विचारता येतं, तिच्यावर नवा हेडर लादता येत नाही. पॅरामीटर वाचता येतो, फिरवता येत नाही. बाई एकदा बोलली ते बोलली.

मग करायचं काय? तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी उभी करायची, आणि प्रश्न आले की आपल्या सोयीची उत्तरं द्यायची. याला रॅपर म्हणतात. ही तोतयेगिरी कोणी, कुठे आणि कोणाच्या परवानगीने करायची याची जागा फ्रेमवर्कमध्ये आधीच आखून ठेवणं, याला एक्स्टेंशन पॉइंटचं डिझाइन म्हणतात. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचा निकाल लावायला पेशवाईला वर्षं लागली. सर्व्हलेटवाल्यांनी २००१ साली २.३ ही आवृत्ती काढली आणि तोतयांना सरळ कायदेशीर मान्यताच देऊन टाकली. त्याच आवृत्तीत फिल्टर आले आणि त्याच आवृत्तीत रॅपरचा क्लास आला, म्हणजे तोतया आणि त्याला दरबारात नेऊन उभा करणारा मानकरी, दोघांची नेमणूक एकाच हुकमाने.

‘एचटीटीपी सर्व्हलेट रिक्वेस्ट रॅपर’ हे या क्लासचं पूर्ण नाव. नाव भारदस्त, कर्तृत्व शून्य. उघडून बघा: एकाखाली एक मेथड, आणि प्रत्येकीत काम एकच. आतल्या रिक्वेस्टला विचारायचं आणि ती सांगेल ते जसंच्या तसं वर सांगायचं. सरकारमान्य निरोप्या. पण या निष्क्रियतेत मोठं शहाणपण आहे. खोटं बोलणाऱ्याला सगळ्यात जास्त कष्ट पडतात ते उरलेलं खरं सांभाळायला, आणि ते कष्ट या क्लासने अंगावर घेतले. तुम्हाला ज्या एका प्रश्नाचं उत्तर फिरवायचंय तेवढी एक मेथड फिरवा, बाकीची खरी उत्तरं आपोआप जातील.

दुसरा फायदा नंतर कळला. २००९च्या डिसेंबरात सर्व्हलेट ३.० आलं आणि रिक्वेस्टच्या इंटरफेसमध्ये असिंक्रोनस कामासाठी नव्या मेथड घुसल्या. ज्यांचे क्लास रॅपरचे वारस होते त्यांना वाराही लागला नाही. ज्यांनी ‘आम्हाला कोणाची मेहरबानी नको’ म्हणून अख्खा इंटरफेस स्वतः लिहून काढला होता, त्यांचा कोड कंपाइल होईना. स्वाभिमानाचे पैसे कधी ना कधी मोजावेच लागतात.

आता खोट्याचे काही प्रतिष्ठित नमुने बघू. एचटीएमएलच्या फॉर्मला सर्व्हरशी बोलताना दोनच क्रियापदं येतात, गेट आणि पोस्ट. इकडे कंट्रोलर लिहिणारे मात्र पुट आणि डिलीटचा आग्रह धरून बसलेले. तडजोड अशी निघाली की फॉर्मने पोस्टच म्हणायचं, पण खिशात एक लपवलेली चिठ्ठी ठेवायची: ‘डिलीट समजावे’. स्प्रिंगमध्ये यासाठी एक फिल्टर आहे. तो ती चिठ्ठी वाचतो, रिक्वेस्टवर रॅपर चढवतो आणि पुढे कोणी ‘पद्धत कोणती?’ विचारलं की निर्विकार चेहऱ्याने ‘डिलीट’ म्हणतो. रूबीवाल्यांकडेही हीच चाल आहे. दोन्हीकडे कोणाला यात वावगं वाटलं नाही.

दुसरा नमुना पत्त्याचा. हल्ली कोणतंही ॲप्लिकेशन उघड्यावर बसत नाही, ते लोड बॅलन्सरच्या मागे पडदानशीन असतं. त्याला वाटतं, सगळं जग एकाच आयपीवरून येतंय आणि कोणीच एचटीटीपीएस वापरत नाही. म्हणून लोड बॅलन्सर ‘एक्स फॉरवर्डेड’ घराण्यातले हेडर चिकटवतो, ‘मूळ होस्ट हा होता, मूळ स्कीम ही होती,’ आणि आतला रॅपर तेच खरं मानून पुढे सांगतो. अडचण एवढीच की हेडर लिहायला अक्कल किंवा अधिकार लागत नाही. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसून कोणीही लिहू शकतो. त्यामुळे स्प्रिंगच्या या फिल्टरला एक बटण ठेवलंय: हे हेडर वापरू नको, नुसते पुसून टाक. म्हणजे हाच इसम खोटं सांगायलाही उपयोगी आणि दुसऱ्याचं खोटं खोडायलाही. नोकरीच्या जाहिरातीत याला ‘बहुआयामी’ म्हणतात.

तिसरा नमुना सेशनचा. तुम्ही रिक्वेस्टला सेशन मागता, ती विनयाने देते, आणि तुम्हाला वाटतं ते याच मशीनच्या मेमरीत आहे. प्रत्यक्षात ते कुठल्या तरी रेडिसमधून आणलेलं असतं. इतकं सराईत खोटं की ते पकडण्यात कोणाचाच फायदा नाही.

हे झालं खोटं बोलणाऱ्यांचं. सोय करून देणाऱ्यांचेही स्वभाव असतात. वर्गाचं नाव सांगा, आम्ही त्याच वर्गाची रिक्वेस्ट बनवू, हा फ्लास्कचा खाक्या; ॲप्लिकेशनवर एक ‘रिक्वेस्ट क्लास’ लिहायची जागा आहे, तिथे आपलं नाव टाका. विकेटमध्ये ‘न्यू वेब रिक्वेस्ट’ नावाची मेथड आहे, ती फिरवा आणि हवी ती रिक्वेस्ट परत द्या. दोन्हीकडे जागा एकच, त्यामुळे मानकरीही एकच. दुसऱ्या कोणाला काही जोडायचं असेल तर त्याने पहिल्याशी बोलून घ्यावं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आयटी कंपनीत दोन टीमनी एकमेकांशी बोलणं ही काही फ्रेमवर्कला पुरवता येण्यासारखी सोय नव्हे. एक्सप्रेसवाल्यांनी तर दारच लावलेलं नाही. रिक्वेस्ट हा साधा जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट, ज्याला जे वाटेल ते त्यावर अडकवावं, एकाने ‘यूझर’, दुसऱ्याने ‘लॉग’, तिसऱ्याने पुन्हा ‘यूझर’. पीएचपीमध्ये २०१५ साली पीएसआर-७ नावाचा करार आला. त्यात उलट टोक. रिक्वेस्टला हात लावायचाच नाही, बदल हवा असेल तर नवी प्रत मिळेल. प्रत मिळते, पण ती हातात घ्यायला विसरलं की तुमचा बदल हवेत विरतो आणि जुनी रिक्वेस्ट पुढे चालू लागते. एररही येत नाही.

पण माझं सगळं प्रेम सर्व्हलेटच्या फिल्टरसाखळीवर आहे, कारण माणसाचा खरा स्वभाव तिथेच दिसतो. आणि त्यातही एक पात्र अजरामर आहे. लॉगिंगवाला.

कोणत्याही प्रोजेक्टमध्ये असा एक दिवस उजाडतो की वरून निरोप येतो: ‘ऑडिटसाठी प्रत्येक रिक्वेस्टची बॉडी लॉगमध्ये दिसली पाहिजे.’ काम क्षुल्लक. लॉगिंगवाला फिल्टर लिहितो, बॉडी वाचतो, लॉगमध्ये ओततो, रिक्वेस्ट पुढे ढकलतो आणि चहाला जातो. परत येतो तो टेबलाशी दुसऱ्या टीमचा माणूस उभा.

‘अरे, आमच्याकडे बॉडी रिकामी येतेय.’

‘माझ्याकडे तर पूर्ण आली होती.’

‘तुझ्याकडे आलेली दिसतेय लॉगमध्ये. आमच्याकडे नाही आली.’

‘मग तुमच्याकडेच प्रॉब्लेम असणार.’

या संवादात दोघेही खरं बोलतायत. रिक्वेस्टची बॉडी हा वाहता प्रवाह आहे, एकदा वाचला की संपला. बरं, तो संपवायला मुद्दाम वाचायलाही लागत नाही. पोस्टने आलेल्या साध्या फॉर्मबद्दल कोणी ‘अमुक पॅरामीटर काय आहे हो?’ असं नुसतं विचारलं तरी कंटेनर उत्तर शोधायला अख्खी बॉडी वाचून टाकतो. आणि ‘इनपुट स्ट्रीम’ एकाने घेतला नि ‘रीडर’ दुसऱ्याने मागितला, तर थेट ‘इलीगल स्टेट’चं एक्सेप्शन. बेकायदा कोण वागलं ते काही त्यात लिहिलेलं नसतं. वर सांगितलेला ‘डिलीट समजावे’वाला फिल्टर चिठ्ठी वाचायला पॅरामीटरच विचारतो, म्हणजे तोही गुपचूप बॉडी फस्त करतो. अखेर २०१९मध्ये स्प्रिंग बूटच्या २.२ आवृत्तीने तो मुळात बंदच ठेवायचं ठरवलं. ज्याला हवा त्याने चालू करावा.

मग लॉगिंगवाल्याला कोणी तरी सांगतं, स्प्रिंगमध्ये ‘कंटेंट कॅशिंग रिक्वेस्ट रॅपर’ आहे, तो वापर. नाव ऐकूनच माणूस निश्चिंत होतो. कॅशिंग म्हणजे साठवण, साठवलं म्हणजे दोनदा मिळणार. तो रॅपर चढवतो, लगेच त्याला साठवलेली बॉडी मागतो, आणि हातात येतात शून्य बाइट. कारण हा रॅपर स्वतः होऊन काहीच वाचत नाही. दुसरा कोणी वाचत असताना खांद्यावरून डोकावून उतरवून घेतो, एवढंच. त्यामुळे बॉडी लॉग करायची तर कंट्रोलरचं काम उरकल्यावर. आधी मागितली तर कोरा कागद. हे कळलं की लॉगिंगवाला चिडतो आणि स्वतःचा रॅपर लिहितो, आत स्वतःचा इनपुट स्ट्रीम.

तो बिचारा लिहून होतोय तोवर २०१३चं सर्व्हलेट ३.१ येतं. त्यात इनपुट स्ट्रीमला तीन नवे प्रश्न जोडलेले: तुझं वाचून संपलं का, तू तयार आहेस का, आणि तयार झालास की कोणाला हाक मारू? उत्तरं दिल्याशिवाय कोड कंपाइल होत नाही. जगभरच्या घरगुती रॅपरमधून मग एकसारखी उत्तरं लिहिली गेली. ‘तयार आहेस का?’ याला सरसकट ‘हो’. ‘कोणाला हाक मारू?’ याला एक्सेप्शन. घरी पाहुणे येणार म्हणून विचारल्यावर आपणही साधारण याच क्रमाने वागतो.

यातून फ्रेमवर्कवाल्याने घेण्यासारखी गोष्ट कोणती, तर बॉडीसाठी वेगळी खिडकी उघडा. लोक पद्धत फिरवतील, पत्ता फिरवतील, ते चालतं, कारण एका प्रश्नाचं एक उत्तर असतं. बॉडीचं तसं नाही. तिथे एकाचं वाचणं म्हणजे दुसऱ्याची उपासमार. तरीही एपीआयमध्ये दोन्ही गोष्टी एकाच रॅपरच्या झोळीत घातलेल्या आहेत, आणि झोळीवर सूचना नाही.

पुढचा प्रश्न रांगेचा. दहा फिल्टर असले तर आधी कोण? स्प्रिंगने प्रत्येकाला क्रमांक दिला, क्रमांक जितका लहान तितका मान मोठा. सर्वोच्च मानाचा आकडा उणे २,१४,७४,८३,६४८, कारण त्याहून लहान पूर्णांक जावाच्या ‘इंट’मध्ये मावत नाही. प्रत्येक टीम आपला फिल्टर लिहिताना विनम्रपणे याच आकड्यावर हक्क सांगते. दोन टीमनी तो घेतला की तिसरी समजूतदारपणे ‘सर्वोच्च अधिक एक’ घेते. स्प्रिंग सेशनचा फिल्टर त्यातल्या त्यात खानदानी. त्याने सर्वोच्च आकड्यापासून ५० जागा सोडून आपलं आसन मांडलंय. त्या मोकळ्या जागा बघून माझ्या मनात त्या लेखकाबद्दल अपार आदर दाटून येतो.

स्प्रिंग बूटने पुढे एक कायमची पाटी लावली. ‘रिक्वेस्ट रॅपर फिल्टर मॅक्स ऑर्डर’ नावाचा आकडा, किंमत शून्य. ज्यांना रिक्वेस्टवर रॅपर चढवायचाय त्यांनी शून्याच्या आत राहावं. सिक्युरिटीची साखळी उणे १००वर. सिक्युरिटीने ज्या रिक्वेस्टची झडती घेतली आणि कंट्रोलरच्या हाती जी पडली, त्या दोन्ही एकसारखं बोलाव्यात ही अपेक्षा. पद्धत बदलणारा खोटारडा झडतीच्या नंतर आला, तर झडती झाली पोस्टची आणि आत शिरलं डिलीट. त्यामुळे तो उणे १०,०००वर बसवलाय, चांगला लांब. खोटं बोलायचं तर पोलिसांच्या आधी बोला, म्हणजे त्यांनाही तेच ऐकू येईल.

सगळे रॅपर चढले की मूळ रिक्वेस्ट सापडत नाही. तहसील कचेरीत दिलेल्या अर्जाचं असंच होतं. प्रत्येक टेबलावर वर एक टिपणी लागते, खाली सही, मग ‘सविनय सादर’, आणि साहेबांपुढे जाईपर्यंत फाईल जाडजूड होते. साहेब म्हणतात, ‘हे सगळं ठीक, मूळ अर्ज कुठाय?’ आमच्याकडचे साहेब म्हणजे फाइल अपलोड करणारा कोड. त्याला खात्री असते की हातातली रिक्वेस्ट मल्टिपार्टच आहे, म्हणून तो तिचं बिनधास्त कास्टिंग करतो. महिनोन्‌महिने चालतं. मग कोणी तरी वर एक निरुपद्रवी रॅपर चढवतो, एका हेडरपुरता, आणि अपलोड कोसळतं. आत मल्टिपार्ट आहेच. पण वरून बघणाऱ्याला फक्त वरचं टिपण दिसतं.

यावर सर्व्हलेट ३.०ने रॅपरला एक प्रश्न विचारायची मुभा दिली: बाबा रे, तुझ्या आत खोलवर कुठे अमुक प्रकारचं कोणी आहे का? उत्तर हो किंवा नाही. हो म्हटल्यावर तो आतला काढून देत नाही. स्प्रिंगला हे अर्धवट वाटलं असावं, त्यांच्याकडे एक हत्यार आहे जे साल काढत काढत हवा तो थर सापडेपर्यंत जातं आणि आणून देतं. उपयुक्त हत्यार. पण त्याचा वापर वाढला तर कोणाचंच खोटं टिकणार नाही, आणि ज्या रॅपरने पत्ता सुरक्षिततेसाठी बदलला त्याला वळसा घालून लोक पुन्हा मूळ पत्ता वाचतील. सोय देताना ती कुठे थांबवायची हे ठरवायला कोणी बसत नाही, कारण त्या बैठकीत कोड लिहायचा नसतो.

एका प्रसंगात मात्र हसणं थांबतं. २०१७च्या मार्चमध्ये अपाचे स्ट्रट्समध्ये एक भगदाड सापडलं. फाइल अपलोड समजून घेणारा त्यांचा मल्टिपार्ट पार्सर चुकीच्या कंटेंट टाइपवर एरर द्यायचा, आणि एररचा मजकूर तयार होताना त्या हेडरमध्ये पाठवलेलं एक्स्प्रेशन चक्क चालवलं जायचं. म्हणजे रिक्वेस्टच्या माथ्यावर लिहिलेला हुकूम सर्व्हर पाळायचा. दुरुस्ती मार्चमध्येच आली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्सने ती वेळेत बसवली नाही, आणि त्याच भगदाडातून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. गंमत इतकीच, की स्ट्रट्सने हा पार्सर पहिल्यापासून बदलता येईल असाच ठेवला होता. सेटिंगमध्ये दुसऱ्याचं नाव लिहा, दुसरा येतो. आवृत्ती बदलणं ज्यांना लगेच शक्य नव्हतं त्यांना सल्ला मिळाला तो हाच, पार्सर बदला, नाहीतर पुढे एक फिल्टर बसवून कंटेंट टाइप तपासा. ज्या खिडकीला कोणी वर्षानुवर्षं हात लावला नव्हता, तिचा त्या आठवड्यात कडीकोयंडा शोधला गेला.

२०२०च्या डिसेंबरात अजून एक प्रकार झाला. ओरॅकलकडून जावाईई आधीच एक्लिप्स फाउंडेशनच्या हाती गेलं होतं, पण पॅकेजची जुनी नावं पुढे वाढवायचा हक्क काही मिळाला नाही. म्हणून ‘जावाएक्स’ची सर्व्हलेट घराणी रातोरात ‘जकार्ता’ झाली. मेथड त्याच, वागणूक तीच, फक्त आडनाव वेगळं. तेवढ्याने जुना रॅपर नव्या रिक्वेस्टवर चढेना. वीस वर्षांत जमलेले सगळे तोतये एका दिवसात बिनकागदाचे.

इतकं सगळं झाल्यावर फ्रेमवर्कवाल्याला वाटतं, नकोच ही सोय, आपणच सगळ्यांसाठी एक चांगला रॅपर चढवून देऊ. स्ट्रट्सने हेही करून पाहिलंय. त्यांच्या रॅपरला तुम्ही ॲट्रिब्यूट विचारलात की तो आधी खऱ्या रिक्वेस्टला विचारतो. तिला माहीत नसेल तर मान खाली घालून परत येत नाही, थेट व्हॅल्यू स्टॅकमध्ये घुसतो आणि तिथून काही तरी घेऊन येतो. जेएसपी लिहिणाऱ्यांना हे फार आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांच्यासाठी एक सेटिंग आहे, ‘डिसेबल रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट व्हॅल्यू स्टॅक लुकअप’. सेटिंगचं नाव जितकं लांब तितकं त्यामागचं भांडण जुनं, असा माझा अनुभव आहे. सुरुवातीची किंमत ‘फॉल्स’. म्हणजे शोध बंद करणं बंद आहे, म्हणजे चालू आहे. नवीन आलेली मुलं हे वाक्य दोनदा वाचतात आणि मग सीनियरला विचारतात, सीनियर तिसऱ्यांदा वाचतो.

हल्ली एका टीमला हे सेटिंग चालू करायचंय, पण फक्त रिपोर्टच्या पानापुरतं. बाकी ॲप्लिकेशनला जुनंच वागणं हवंय. पानागणिक ठरवायची सोय सेटिंगमध्ये नाही. त्यांनी एक छोटासा रॅपर लिहायला घेतलाय, क्रमांक सर्वोच्च अधिक एक.